आधी काय मोडावे? जुन्या जीपच्या लोखंडी बंपरचा इतिहास

तीस वर्षे जुन्या जिप्सीसाठी नवा लोखंडी बंपर करायचा, तर कामाची सुरुवात पुठ्ठ्याने होते. कारागीर गाडीचा मूळ बंपर उतरवतो. चॅसिसचे पुढे आलेले दोन दांडे उघडे पडले की त्यांच्यातले अंतर, बोल्टांची भोके आणि रेडिएटरपासूनची मोकळी जागा टेपने मोजतो आणि रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर सारे आकार उतरवतो. पुठ्ठा गाडीला लावून पाहायचा, कोपरा अडला तर कात्रीने छाटायचा, पुन्हा लावायचा. आकार मनासारखा बसला की तो चार-पाच मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर आखला जातो. मग गॅस किंवा प्लाझ्माने कटिंग, प्रेसवर वाकवणे, जागोजागी टाके मारून जुळणी, शेवटी पूर्ण वेल्डिंग, ग्राइंडर आणि रंग. दोनतीन दिवसांत गाडीचे तोंड बदलते.

कारखान्यात तयार होणाऱ्या बंपरमागे अभियंते, संगणक आणि धडक-चाचण्यांची प्रयोगशाळा असते. इथे असतात एक पुठ्ठा, एक टेप आणि अनेक वर्षांचा हात. या दोन वस्तूंमधला फरक केवळ जाडीचा नाही. धडक झाली तर आधी काय मोडावे, या प्रश्नाला दोघांची उत्तरे वेगळी आहेत. बंपरचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे या उत्तरात झालेल्या बदलांचा इतिहास होय.

पहिले उत्तर सरळ होते: गाडी मोडू नये. १९०५ च्या सुमारास ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक सिम्स याने मोटारीच्या पुढे हवा भरलेल्या रबराचे बंपर बसवले. पुढील काही दशकांत रबराची जागा पोलादी पट्टीने घेतली. तेव्हाच्या गाड्यांचे कंदील, रेडिएटर आणि मडगार्ड महाग असत आणि सहज वाकत. ते वाचवणे हेच बंपरचे काम समजले जाई. आतल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न कोणी बंपरला विचारत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धातील जीप याच परंपरेतली. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. त्यांचा पुढचा बंपर म्हणजे आडवा लोखंडी चॅनेल होता आणि त्याच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवलेला असे. अशा बंपरने दुसरी गाडी ढकलता येई, अडथळा बाजूला सारता येई, दोर बांधून ओढता येई. युरोपातील आघाडीवर त्यात एका गोष्टीची भर पडली. जर्मन सैनिक रस्त्यावर आडवी तार ताणून ठेवत. काच खाली पाडून धावणाऱ्या उघड्या जीपमधील माणसाच्या गळ्याच्या उंचीला ती येई. त्यावर अमेरिकी सैन्याने जीपच्या बंपरवर मधोमध एक उभा लोखंडी अँगल वेल्ड केला. त्याचे वरचे टोक पुढे झुकलेले आणि खाचेचे असे. तार त्या खाचेत अडकून तुटे. गाडीच्या तोंडावर गरजेपोटी वेल्ड केलेल्या लोखंडाचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. धोका ठाऊक होता, त्याची उंची ठाऊक होती आणि उपाय तेवढ्यासाठीच केलेला होता.

युद्ध संपले आणि जीप भारतात राहिली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद या कंपनीने फाळणीनंतर महिंद्र आणि महिंद्र हे नाव घेतले आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू झाली. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपचाही देशभर वेगळा बाजार उभा राहिला. हरियाणा-पंजाब सीमेवरील मंडी डबवाली हे गाव जुन्या जीपना नवे रूप देण्यासाठी ओळखले जाऊ लागले. दिल्लीतील मायापुरीसारख्या भंगारबाजारांतून सुटे भाग मिळू लागले. जीपची रचनाच अशी होती की गावच्या लोहाराला ती समजावी. शिडीसारखी सरळ चॅसिस, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी आणि पुढे दोन दांडे. दांड्यांना काहीही जोडता येत असे.

डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीने जिप्सी आणली. जपानच्या सुझुकी जिम्नीची ही लांब आवृत्ती वजनाला सुमारे एक टन होती आणि तीही शिडीच्या चॅसिसवरच उभी होती. लष्कराने ती हजारोंच्या संख्येने घेतली. हिमालयातील रॅलींमध्ये ती पळाली. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होऊ लागलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेतही बदल केलेल्या जिप्सी चिखलात उतरल्या. नव्या सुरक्षा व प्रदूषण निकषांच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले, पण जुन्या गाड्या हौशी लोकांच्या हाती राहिल्या. देशातील अनेक हातघडीचे बंपर आज अशाच जुन्या जीप आणि जिप्सींसाठी बनतात.

यामागची गरज खोटी नाही. चिखलात रुतलेल्या गाडीला ओढायचे, तर दोर अडकवायला भक्कम जागा हवी. चढावर एकट्याने निघायचे, तर विंच हवी आणि विंचला बसायला चौथरा हवा. मूळ बंपरचे कोपरे खाली आणि पुढे आलेले असतात. चाक खडकाला टेकण्यापूर्वी बंपरच टेकतो. कारागीर नवा बंपर चाकांपुढे वर तिरपा कापतो तो याचसाठी. उत्तर भारतातील महामार्गांवर रात्री नीलगाय किंवा मोकाट बैल अचानक पुढे येतो, हेही अनेकांनी अनुभवलेले सत्य आहे.

या कामात भौतिकशास्त्र पदोपदी डोकावते. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दीड मिलिमीटरऐवजी साडेचार मिलिमीटर पत्रा वापरला, तर जाडी तिप्पट होते, पण तो पत्रा २७ पट ताठ होतो. तरफेचा नियमही लागू होतो. जिप्सीच्या पुढच्या-मागच्या आसांतील अंतर २३७५ मिलिमीटर आहे. विंचसह ७० किलोचा बंपर पुढच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे लटकला, तर पुढच्या आसावर ७० नव्हे, सुमारे ८८ किलो भार वाढतो आणि मागच्या आसावरचा भार १८ किलोने कमी होतो. पुढच्या स्प्रिंगा बसतात, उतारावर ब्रेक दाबताना मागची चाके आणखी हलकी होतात. अनुभवी कारागीर हे गणित कागदावर मांडत नाही, पण विंच शक्य तेवढी मागे, रेडिएटरजवळ बसवण्याचा आग्रह धरतो. हाताला जे कळलेले असते, तेच तरफेचे समीकरण सांगते.

मात्र जी घटना हाताला वारंवार अनुभवता येत नाही, तिच्याबाबत हातचे ज्ञान अपुरे पडते. जोराची धडक ही तशी घटना आहे.

मोटारींच्या जगात दुसरे उत्तर वेगळ्याच वाटेने आले. ह्यू डीहेवन हा अमेरिकी तरुण १९१७ मध्ये वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना विमानांच्या टकरीतून वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर धरून ठेवला. १९४२ मध्ये त्याने ५० ते १५० फूट उंचीवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा यांत्रिक अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा होता की माणूस पडल्याने मरत नाही, फार थोड्या अंतरात थांबल्याने मरतो. खालची जमीन वा छप्पर काही इंच दबले, तरी शरीर आश्चर्यकारक धक्के सोसू शकते. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकी हवाईदलातील डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत पट्ट्यांनी घट्ट बांधून बसले. ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगावरून ती गाडी १.४ सेकंदांत थांबली. त्यांच्या शरीराने गुरुत्वीय त्वरणाच्या ४६ पट धक्का सोसला आणि ते जगले.

याच काळात डेमलर-बेंझमधील अभियंता बेला बारेनी याने गाडीच्या रचनेविषयीची समजूत उलटी केली. माणसे बसतात तो मधला भाग मजबूत असावा आणि पुढचा-मागचा भाग ठरवून चुरगळावा, ही कल्पना त्याने १९५१ मध्ये पेटंटसाठी मांडली. १९५९ च्या मर्सिडीज गाड्यांत ती प्रत्यक्षात आली. आता उत्तर होते: माणूस वाचावा म्हणून गाडी मोडावी.

जिप्सीवर हे गणित करून पाहावे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. या वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली आणि तिचे नाक ५० सेंटिमीटर चुरगळून ती थांबली, तर सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे २० पट होते. माणसांसह गाडीचे वजन १,२०० किलो धरले, तर सरासरी बल सुमारे २३० किलोन्यूटन. आता पुढे ताठ लोखंड बसवले आणि गाडी जेमतेम २० सेंटिमीटर दबली, तर मंदन ४९ पट होते आणि बल ५८० किलोन्यूटनांवर जाते. स्टॅपने सोसलेल्या कमाल धक्क्यापेक्षाही हा आकडा मोठा आहे. स्टॅप निरोगी होते, पट्ट्यांनी जखडलेले होते आणि पुढे काय घडणार हे त्यांना ठाऊक होते. जुन्या जिप्सीत एअरबॅग नसते आणि मागच्या आडव्या बाकांवर बसलेल्यांना बहुधा पट्टाही नसतो.

गतिज ऊर्जा दोन्ही वेळा तेवढीच असते, सुमारे ११६ किलोज्यूल. ती कुठेतरी खर्च व्हावीच लागते. पत्रा वाकला नाही, तर चॅसिस वाकते. चॅसिसही वाकली नाही, तर बरगड्या वाकतात. अपघातानंतर जीपच्या बंपरला ओरखडाही आला नाही, हे अभिमानाने सांगितले जाते तेव्हा हा हिशेब अर्धाच मांडलेला असतो.

बंपर म्हणजे गाडीचेच रक्षण, ही जुनी समजूतही मधूनमधून परतत राहिली. अमेरिकेने १९७३ च्या मॉडेलांपासून ताशी ५ मैल वेगाच्या समोरच्या धडकेत दिवे व इंधनव्यवस्था शाबूत राहावी, असा नियम केला. गाड्यांना मोठमोठे पोलादी बंपर आले. १९८२ मध्ये ही मर्यादा २.५ मैलांवर आणली गेली. त्यानंतर बाहेर प्लास्टिकचे कवच, आत फेसाळ थर आणि मागे धातूची तुळई, ही आजची रचना रूढ होत गेली. त्या प्लास्टिकला हसणारा जीपप्रेमी विसरतो की ते कवच धडक सोसण्यासाठी नाहीच. तुळई आणि चॅसिस यांच्यामध्ये पातळ पत्र्याची एक डबी असते, ती ठरलेल्या बलाला घडी घालत दुमडते आणि खरे काम ती करते.

तिसरे उत्तर सर्वांत उशिरा आले, कारण ते गाडीबाहेरच्या माणसाविषयी होते. ऑस्ट्रेलियात कांगारूंपासून रेडिएटर वाचवण्यासाठी बसवलेल्या लोखंडी जाळ्या शहरांत आल्या, तेव्हा त्यांची धार पादचाऱ्याच्या मांडीला, कमरेला आणि लहान मुलाच्या छातीला किंवा डोक्याला लागू लागली. मूळ बॉनेट दबते, त्यामुळे शरीराला काही सेंटिमीटर मिळतात. नळीचा लोखंडी सांगाडा दबत नाही आणि सारे बल नळीच्या रुंदीएवढ्या पट्टीत उतरते. युरोपातील मोटारउत्पादकांनी २००१ मध्ये ताठ लोखंडी गार्ड न बसवण्याची हमी दिली आणि २००५ मध्ये युरोपीय संघाने अशा गार्डना चाचण्या बंधनकारक करणारा निर्देश काढला.

भारतात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जवळपास ६४ टक्के मृतांभोवती कोणतेही पत्र्याचे कवच नव्हते. दिल्ली आयआयटीतील दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे हाच मुद्दा मांडला: भारतीय रस्त्यावर वाहनाचे तोंड कसे असावे हे ठरवताना, ते कोणावर आदळणार आहे याचा विचार आधी व्हावा.

डिसेंबर २०१७ मध्ये मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड व बुल बार यांच्यावर कारवाई करण्यास सांगितले. आधार होता मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. याच काळात ताशी ५६ किलोमीटर वेगाची समोरून धडक-चाचणी नव्या गाड्यांना लागू झाली आणि २०२३ मध्ये ‘भारत एनकॅप’ हे मूल्यांकन सुरू झाले. पुण्यातील एआरएआय, मानेसर येथील आयकॅट अशा संस्थांत आता गाड्या मुद्दाम आपटून मोजल्या जातात. जुन्या जिप्सीला यांतले काहीच लागू नव्हते. तिच्या नाकाची वर्तणूक कोणी मोजली नव्हती आणि त्यावर बसवलेल्या लोखंडाची तर नाहीच.

तर मग चिखलात ओढून घेण्याची गरज आणि धडकेत दबण्याची गरज यांचा मेळ अशक्य आहे का? पदार्थविज्ञान तसे म्हणत नाही. रुतलेली हलकी जीप काढायला लागणारे बल साधारण तिच्या वजनाच्या दोनतीन पट, म्हणजे २५ ते ३५ किलोन्यूटन असते. अशा गाड्यांवरील मोठ्या विंचाही सुमारे ४० किलोन्यूटनपर्यंत ओढतात. ८.८ ग्रेडचा १२ मिलिमीटरचा एकच बोल्ट सरळ ताणात सुमारे ६७ किलोन्यूटनपर्यंत तग धरतो. धडकेतील बल याच्या कितीतरी पट आहे. म्हणजे ओढताना टिकेल आणि आदळताना दुमडेल, अशा रचनेला दोन्हींच्या मध्ये भरपूर जागा आहे.

दुसरी गोष्ट अधिक सुंदर आहे. विंच बंपरला पुढे ओढते, धडक त्याला मागे दाबते. पातळ भिंतीची नळी ताणाखाली सरळ राहते, पण दाबाखाली तिचे पत्रे लचकतात आणि ती घडी घालू लागते. लचकण्याचे हे गणित लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात खांबांसाठी मांडले. एकच तुकडा ओढीला भक्कम आणि दाबाला नमता असू शकतो. त्यावर योग्य जागी खाचा ठेवल्या, तर घडी कुठून सुरू व्हावी हेही ठरवता येते. ऑस्ट्रेलियातील काही उत्पादक चॅसिस आणि बुल बार यांच्यामध्ये असे दुमडणारे जोड देतात.

भारतीय कारागिराच्या हाताला हे अवघड नाही. पाच मिलिमीटरचा पत्रा अचूक वाकवणारा माणूस दोन मिलिमीटरची डबीही वाकवू शकतो. अडचण मोजण्याची आहे. डबी किती बलाला दुमडते, हे दाबयंत्रात ठेवून पाहावे लागते. असे दाबयंत्र देशातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत असते आणि त्यावर काँक्रीटचे ठोकळे फोडले जातात. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच्या वेल्डिंगच्या दुकानातली डबी मात्र त्या यंत्रावर सहसा पोहोचत नाही.

तशी मोजणी होऊन मान्यता मिळेपर्यंत लोखंडी बंपरची जागा स्पर्धेचे बंदिस्त मैदान हीच आहे. तो चॅसिसला वेल्ड न करता बोल्टांनी बसवलेला असेल, तर अर्ध्या तासात उतरतो आणि मूळ बंपर परत चढतो. महायुद्धातल्या जीपवरील तो उभा अँगल तारेसाठी होता आणि तार नसलेल्या रस्त्यावर त्याचे काही काम नव्हते. गावातल्या रस्त्यावर जीपपुढे तार येत नाही. शाळा सुटलेली मुले येतात, आणि त्यांच्या डोक्याची उंची पुठ्ठ्यावर आखलेली नसते.